खंडेनवमीची यादी

(मंडळाच्या गणेशोत्सवात टी. नगर येथे दिलेले व्याख्यान)



आरती नुकतीच आटोपली आहे, मोदकांचा वास अजून सभागृहात दरवळतो आहे, आणि अशा वेळी मी धर्मनिरपेक्षतेवर बोलावयास उभा राहिलो आहे, हे पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. विषय कार्यवाहांनी दिलेला नाही. मीच मागून घेतला. मी विद्वान नव्हे. साधा बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायली हाताळलेला मनुष्य आहे. रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हटल्यावाचून मी घराबाहेर पडत नाही, हेही आरंभीच सांगून ठेवतो. पुढे गैरसमज नको.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 1948 साली घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी हा शब्द घटनेत घालण्याची सूचना केली होती, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. उद्देशिकेत तो आला 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' आहे, आणि आपले तमिळ शेजारी 'मतच्चार्बट्र' म्हणतात, म्हणजे कोणत्याही धर्माकडे न झुकलेला. मला तमिळ शब्द अधिक पटतो. 'निरपेक्ष' म्हटले की धर्माची गरजच उरली नाही असा ध्वनी उमटतो. 'निधर्मी' ही तर उघड टवाळीच. न झुकणे ही तराजूच्या काट्याची भाषा आहे आणि ती सरकारी नोकराला समजते.

आपण सारे या त्यागराय नगरात वावरतो, पण पानगल पार्कच्या नावाकडे कोण लक्ष देतो? पानगलचे राजे 1921 ते 1926 या काळात मद्रास इलाख्याचे मुख्य मंत्री होते. जस्टिस पक्षाच्या ज्या त्यागराय चेट्टींचे नाव या वसाहतीला आहे, त्यांचेच ते सहकारी. देवळांच्या इनामांवर देखरेख ठेवणारा कायदा त्यांच्या कारकिर्दीत, 1925 साली, प्रथम संमत झाला. देवाच्या नावाने दिलेल्या जमिनींचे उत्पन्न देवापर्यंत पोहोचते की मधेच मुरते, हा त्यामागचा प्रश्न होता. 1951 साली नवा कायदा आला, सरकारी खाते झाले, आणि उडुपीच्या शिरूर मठाचे स्वामी न्यायालयात गेले. 1954 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालमत्तेच्या कारभारावर सरकार नियमन ठेवू शकते. परंतु धर्म म्हणजे केवळ मत नव्हे, आचारही आहे, आणि त्या आचारात सरकारने हात घालू नये. रेषा आखली गेली खरी. ती नेमकी कोठून जाते यावर वाद अद्याप मिटलेला नाही. सध्याचा 1959 चा कायदा केवळ हिंदू देवस्थानांनाच का, हा आक्षेप मी या शहरात पुष्कळ वेळा ऐकला आहे आणि तो मला पोकळ वाटत नाही. आपल्याकडील 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा सर्व धर्मांच्या न्यासांना उद्देशून केला होता. तो मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

परंतु "सरकारने देवळात पाऊलच टाकू नये" असे कोणी म्हटले, की मला पंढरपूर आठवते. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा विठोबाचे द्वार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. ज्यांच्या पूर्वजांनी त्या विठोबासाठी अभंग रचले, त्यांनाच तोवर आत जाता येत नव्हते! पुढे 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटावयास 2014 साल उजाडले. वारकऱ्याची भक्ती त्यामुळे तसूभरही उणी झाली नाही.

आता आपल्या तंजावरकडे वळू. तेथील भोसले राजांचा आपणा मराठी मंडळींना सार्थ अभिमान आहे. नागूरच्या शाहुल हमीद यांच्या दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यांतील सर्वांत उंच, 131 फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधला. त्यांचेच नातू मानले गेलेले सरफोजी राजे, श्वार्ट्झ या ख्रिस्ती पाद्र्याच्या स्मरणार्थ लंडनच्या फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेते झाले. दोघेही राजे स्वधर्मात दृढ होते. अशा प्रसंगी आपण अभिमानाने म्हणतो, "पाहा, हीच खरी धर्मनिरपेक्षता." मीही पूर्वी भाषणांतून असेच म्हणत असे. आज म्हणत नाही. ते राजांचे औदार्य होते. खजिना राजाचा, मर्जी राजाची. त्याने दिले तर मिनार उभा राहिला, न देता तर कोणी जाब विचारला नसता. माझ्यासारख्या अधिकाऱ्याची खुर्ची माझी नाही, टेबल माझे नाही, शिक्का माझा नाही. औदार्य दाखवावयास स्वतःचे काही असावे लागते.

हे मला उशिरा कळले, आणि कसे कळले ते सांगण्यासाठीच आज उभा आहे.

आठ वर्षांपूर्वी बदली होऊन मी चेन्नईस आलो. आपण ज्याला खंडेनवमी म्हणतो, ती येथील आयुधपूजा. नवमीला सुटी असल्यामुळे कचेरीत ती आदल्या कामाच्या दिवशी होते. यंत्रे, कपाटे, मोटारी स्वच्छ पुसून त्यांना चंदन-कुंकू लावतात, दारात कोहळा फोडतात, चाकांखाली लिंबे ठेवतात, आणि सर्वांना चुरमुरे व डाळे वाटतात. 1968 साली अण्णादुरैंच्या सरकारने राज्य शासनाच्या कचेऱ्यांतून देवादिकांच्या तसबिरी काढण्याचा आदेश दिला होता. पण आयुधपूजेचे मूळ त्याहून खोल आहे. मला तर घरच्यासारखे वाटले. वर्गणीची यादी माझ्यापुढे आली, तेव्हा मी आनंदाने पहिले नाव माझे घातले, आकडा जरा मोठा लिहिला, आणि यादी पुढे पाठवली. तिसऱ्या प्रहरी ती पूर्ण भरून परत आली. असे तीन वर्षे झाले.

आमच्या विभागात एक वयस्क मुसलमान लिपिक होते. अत्यंत काटेकोर, त्यांनी लावलेल्या फायलीत एक पान इकडचे तिकडे नसे. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी रजेचा हिशेब माझ्यापुढे आला. तिन्ही वर्षी, नेमक्या त्याच दिवशी, एक दिवसाची किरकोळ रजा. यादी काढून पाहिली. तिन्ही वर्षी वर्गणीही भरलेली. मी त्यांना बोलावून विचारले, "रजाच घ्यावयाची होती, तर पैसे का दिलेत?" ते थोडे हसले आणि म्हणाले, "सर, यादीत पहिले नाव आपले होते."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी त्यांना काही म्हटले नव्हते, कोणीच म्हटले नव्हते. पण ज्याच्या हाती त्यांचा गोपनीय अहवाल होता, त्याने सही करून यादी पुढे सरकवली होती. घटनेच्या 27 व्या कलमात म्हटले आहे, की कोणा एका धर्माच्या खर्चासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. आमची वर्गणी कर नव्हती हे खरे. परंतु त्या गृहस्थांना तो फरक कोणत्या तोंडाने समजावून सांगावा?

पुढच्या वर्षी मी यादी बंद केली. सफाई सर्वांनी मिळून करावी. पूजा ज्यांना करावयाची त्यांनी कामाची वेळ संपल्यावर स्वखर्चाने करावी. अधिकाऱ्यांनी कोणाकडे वर्गणी मागू नये. "साहेब नास्तिक झाले" अशी कुजबुज झाली. वर्गणी घटली, कोहळा लहान आला. माझे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, मला म्हणाले, "वर्षातून एक दिवस सारी कचेरी एकत्र चुरमुरे खात होती. आता देणारे खातात आणि न देणारे लवकर घरी जातात. तुम्ही काय मिळवले?" आणि त्यांनीच आठवण दिली, की ते लिपिक रजेवरून परतल्यावर आपला चुरमुऱ्यांचा पुडा न चुकता मागून घेत आणि नातवंडांसाठी घरी नेत.

या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. यादी मात्र मी पुन्हा सुरू केलेली नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेक जण बँकांत, रेल्वेत, कारखान्यांत अशाच खुर्च्यांवर आहेत. आपल्या कचेरीतील यादीत पहिले नाव कोणाचे असते, हे आपल्याकडून ऐकावयास मी उत्सुक आहे.