खोल्या बंद झाल्या, मग भाकऱ्या भाजणारीचं काय?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिवताईंनी केलेलं भाषण)



कोरोनात आमच्या गटानं पर्यटनाचा धंदा कसा टिकवला ते सांगा, असं मला ताईंनी सांगितलंय. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. गटात आम्ही अकरा जणी. पाच जणींच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. बाकी सहा जणींकडे खोली नाही. त्या भाकऱ्या भाजतात, मासे साफ करतात, चादरी धुतात, पाहुण्यांना किनारा दाखवतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, खोल्या म्हणजेच धंदा. पण नुसत्या खोलीसाठी पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून आज मी जास्त बोलणार ते या सहा जणींबद्दल.

आमचा हंगाम तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात सगळं थंड. दिवाळी, नाताळ आणि मग मार्च ते मे, एवढीच खरी कमाई. त्याच सुमारास वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात जातात. ती बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. २०२० साली २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. ऐन हंगामात दाराला कडी. मेपर्यंतचं बुकिंग झालेलं, ॲडव्हान्स घेतलेला. त्यातून गाद्या आणल्या होत्या, किराणा भरला होता. आणि आता रोज फोन, "ताई, आमचे पैसे परत द्या."

आपली पंचसूत्री सांगते, बैठक चुकवायची नाही. अकरा जणी एकत्र बसू शकत नव्हतो. म्हणून तोंडाला पदर बांधून अंगणात तीन-तीन जणी बसायचो आणि ठरलेलं बाकीच्यांना फोनवर सांगायचो. वही बंद पडू दिली नाही.

पहिला निर्णय ॲडव्हान्सचा. प्रत्येक पाहुण्याला आम्ही आपणहून फोन केला. दोन वाटा ठेवल्या. पैसे परत हवे असतील तर हप्त्यानं देतो. नको असतील तर तुमच्या नावावर जमा राहतील, पुढे कधीही या, दर जुनाच. ज्यांची नोकरी गेली होती, त्यांचे आधी दिले. बरेच जण थांबायला तयार झाले. सगळं वेगळ्या वहीत, नावानिशी आणि तारखेनिशी लिहिलं.

दुसरा निर्णय अवघड होता. गटाच्या शिल्लक बचतीतून आधी कर्ज कुणाला द्यायचं? खोलीवाल्या म्हणाल्या, "आमच्यावर बँकेचं कर्ज आहे, हप्ता थकला तर गटाचंच नाव खराब होईल." बाकीच्या म्हणाल्या, "तुमची खोली तरी उभी राहील. आमचं तर हातातलं काम गेलं. संध्याकाळी चूल कशावर पेटवायची?" भांडण झालं, उगाच कशाला लपवू. दोघींचंही खरंच होतं.

मग आम्ही हिशेब मांडला. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आधी मेपर्यंत, नंतर ऑगस्टपर्यंत. म्हणजे खोलीवाल्यांना थांबायला जागा होती. पोटाला थांबता येत नाही. म्हणून अंतर्गत कर्ज आधी सहा जणींना दिलं आणि तीन महिने हप्ता घेतला नाही.

पण मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. एक लाखाचं कर्ज, वर्षाला बारा टक्के दर धरला तर महिन्याला हजार रुपये व्याज. सहा महिन्यांचे सहा हजार, आणि वर व्याजावर व्याज. म्हणून खोलीवाल्यांनी मुद्दल थांबवली, पण जमेल तेवढं व्याज भरत राहिल्या.

ते पैसे कुठून आणले? पाहुण्यांची यादी आमच्याकडे होतीच. ज्यांना खोलीसाठी फोन करायचो, त्यांनाच विचारलं, "हापूस हवा का?" खोलीवाल्यांनी ऑर्डरी घेतल्या, बाकीच्यांनी आंबा निवडून पेट्या भरल्या. शेतमालाच्या गाडीतून पेट्या गेल्या. नंतर आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी. शिलाई येणाऱ्या दोघींनी मास्क शिवले. मजुरी सगळ्यांना सारखीच.

जरा सावरतोय तोवर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं उडाली, पत्रे उडाले, माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. कित्येक दिवस गावात वीज नव्हती. दोघींच्या खोल्यांवर छप्परच उरलं नाही. तेव्हा बिनखोलीच्या सहाही जणी बोलावल्याशिवाय कौलं वेचायला आल्या. एप्रिलमध्ये त्यांना मागे ठेवलं असतं, तर कोणत्या तोंडानं हाक मारली असती?

सप्टेंबरात ई-पास गेला आणि हळूहळू पाहुणे येऊ लागले. तेव्हा नियम केला. दर पाहुण्यामागे, दर रात्रीचे वीस रुपये बाजूला, त्याचं नाव बंद-निधी. हा पैसा कर्जाऊ द्यायचा नाही. धंदा बंद पडला की ज्यांच्याकडे खोली नाही, त्यांना आधी. मार्चअखेर बावीस हजार जमले. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. सहा जणींना दरमहा दीड हजार, दोन महिने दिले. अठरा हजार गेले. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा उरलेल्या चार हजारांतून पत्रे घेतले. दीड हजारात घर चालत नाही, मलाही कळतं. पण ते ठरल्या तारखेला मिळाले. कुणाला हात पसरावा लागला नाही, आणि बैठकीत भांडणही झालं नाही.

तुमचा धंदा खानावळीचा असेल, पापडाचा असेल, शेळ्यांचा असेल. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहा. आपला धंदा उद्या बंद झाला तर पहिल्याच आठवड्यात कुणाची चूल अडेल? तिच्यासाठी वेगळा पैसा कुठे आहे? आणि तो द्यायचा निर्णय कोण, कधी घेणार? हे चांगल्या दिवसांत ठरवा. अडचणीच्या दिवसांत जो तो आपलं बघतो, त्यात कुणाचा दोष नसतो.