सांध्यात हरवलेला विद्युतदाब

पावसाळ्यातील एखाद्या सकाळी, पहिल्या पाळीची वेळ जवळ आलेली असताना, अंगणातील मोटार सुरू होत नाही, हा प्रसंग भिलाईच्या वसाहतीत राहणाऱ्या श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा असेल. किल्ली फिरवली की बोनेटखालून केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. लावलेले दिवे क्षणभर पिवळे पडतात व पुन्हा उजळतात. शेजारी धावून येतात, गाडीला धक्का मारतात आणि गाडी कशीबशी निघून जाते. सायंकाळी घरी परतताना मालक जुनी बॅटरी मोडीत देऊन नवी विकत घेतो. चार दिवस सारे सुरळीत चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच ‘टक्’.

मधले चार दिवस गाडी का चालली, हा प्रश्न विचारावयास हवा. पुष्कळदा त्याचे श्रेय नव्या बॅटरीकडे जात नाही. ती बसवताना तारेचा क्लॅम्प सोडवला गेला, टर्मिनलवर थोडा घासला गेला आणि त्यावरील मळाचा थर तात्पुरता फुटला, एवढेच घडलेले असते. मोडीत गेलेली बॅटरी कदाचित आणखी दोन वर्षे चालली असती. पगारातील मोठी रक्कम अशा रीतीने एका चमचाभर मळापायी खर्च होते.

हा मळ इतका सामर्थ्यवान कसा, हे समजण्यासाठी जर्मन शिक्षक गेओर्ग ओम याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम पुरेसा आहे. एखाद्या रोधातून प्रवाह वाहतो तेव्हा तेथे विद्युतदाब खर्च होतो. आणि जितका प्रवाह अधिक, तितका खर्च अधिक. समजा, क्लॅम्प व टर्मिनल यांच्यामध्ये तीन शतांश ओम इतका रोध निर्माण झाला. अर्धा अँपियर घेणाऱ्या लहान दिव्याला त्याची जाणीवही होणार नाही. त्याचा तोटा जेमतेम दीड शतांश व्होल्ट. परंतु इंजिन फिरवणारी मोटर, जिला आपले मिस्त्री ‘सेल्फ’ म्हणतात, ती शंभर अँपियर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह मागते. तेव्हा त्याच सांध्यात तीन व्होल्ट नाहीसे होतात आणि तीनशे वॅट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. सेल्फ मारून झाल्यावर एखादा सांधा बोटाला कोमट लागला, तर चोर सापडला असे समजण्यास हरकत नाही.

येथेच घरच्या घरी तपासणी करणारा मनुष्य फसतो. तो मल्टिमीटर आणतो, गाडी उभी असताना सेल्फच्या तारेवर दाब मोजतो आणि काटा साडेबारा व्होल्ट दाखवतो. तार निर्दोष आहे, असा निष्कर्ष तो काढतो. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. मग दाब हरवणार कोठे? अनेक धाग्यांच्या तारेतील एकच धागा शाबूत असला, तरी मीटर पूर्ण दाब दाखवील. प्रवाह वाहत असतानाच मोजमाप केले पाहिजे, हे या विषयातील मुख्य सूत्र होय.

रीत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून जुन्या गाडीत इग्निशन कॉइलची मधली तार काढून तिचे टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावे. नव्या गाडीत इंधनपंपाचा फ्यूज काढावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, क्लॅम्पवर नव्हे, व दुसरे सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टवर धरावे. मग सहकाऱ्याने काही सेकंद सेल्फ मारावा. या वेळी मीटर जे दाखवील तो वाटेत हरवलेला दाब. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक असेल तर एक-एक सांधा ओलांडत मीटरचे टोक पुढे न्यावे; जेथे आकडा एकदम उडी घेईल, तेथेच दोष असतो. दोन्ही बाजूंचा तोटा अल्प असूनही बॅटरीच्या टर्मिनलांमधील दाब सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल, तर मात्र बॅटरीकडे वळावे. तीही आधी चार्ज करून पाहावी, मगच तिला दोष द्यावा.

परतीच्या वाटेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. भिलाईच्या श्रोत्यांना त्यासाठी दूरचा दाखला नको. येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि पुढे येथे तयार झालेले रूळ देशभर अंथरले गेले. ते रूळ गाडीचा भार वाहतात, हे सर्वांना ठाऊक असते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची आगगाडी धावू लागली, तेव्हापासून विजेच्या मार्गावरील रूळ आणखी एक काम करीत आले आहेत. डोक्यावरच्या तारेतून आलेला प्रवाह रुळांतून परत जातो. दोन रुळांच्या जोडावर गंज चढतो, म्हणून तेथे तांब्याचा जोड बसवावा लागतो.

मोटारीतही अगदी हेच आहे. दिव्याकडे जाणारी तार असते, परतीची वाट म्हणजे गाडीचे पत्र्याचे अंग. रंग, गंज आणि चिखल हे तिचे शत्रू. त्यातही इंजिन रबराच्या बैठकीवर बसलेले असल्यामुळे अंगापासून विद्युतदृष्ट्या जवळजवळ अलग असते. बॅटरीची ऋण तार आणि तांब्याची विणलेली पट्टी त्यांना जोडतात. ही जोडणी सैल झाली की सेल्फचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि क्लचची वा अॅक्सिलरेटरची केबल तापलेली आढळते. बिचारा मालक केबल बदलतो! मागचा इंडिकेटर लावताच शेजारचा दिवा मंदपणे लुकलुकू लागला, तर तेथेही परतीचाच दोष समजावा. ही बाजू तपासताना मीटर ऋण टर्मिनल व इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये धरावा. तीन दशांश व्होल्टपेक्षा अधिक तोटा खपवून घेऊ नये.

हेडलाइटच्या बाबतीत आकडा लहान असला तरी परिणाम मोठा असतो. दाब एक-दशांशाने घटला, तर प्रकाश जवळजवळ तीन-दशांशाने घटतो. रात्रपाळी संपवून परतणाऱ्याला सायकलस्वार उशिरा दिसतो, तो यामुळेही.

दोष सापडल्यावर उपाय साधा आहे. आधी ऋण क्लॅम्प सोडवावा व जोडताना तो शेवटी जोडावा. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडणार नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा विडी-सिगारेट दूर ठेवणे आवश्यक आहे. पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. धातू पॉलिश पेपरने चकचकीत करून क्लॅम्प घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग बघण्याची’ जुनी सवय नव्या गाडीत अल्टरनेटर आणि संगणक दोन्ही जाळू शकते. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून टर्मिनलांवर दाब मोजावा. तो सर्वसाधारणपणे पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट असावा. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या नारिंगी तारांना मात्र घरी कोणीही हात लावू नये. तेथील दाब शेकडो व्होल्टचा असतो.

हे सारे झाल्यावर, फ्यूज पुन्हा जागेवर बसवण्याआधी, सेल्फ मारताना मीटर एकदा त्याच दोन ठिकाणी धरावा आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहून ठेवावा.