फटफटी, पदर आणि पॉलिसी
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू समारंभात झालेले भाषण)



आंबेडाळ आणि पन्हे समोर असताना मोटार-कायद्याचे पुराण लावणे हा तुमच्यावर थोडा अन्यायच आहे, हे मी जाणते. परंतु आपल्यापैकी निम्म्या जणी आज स्वतः स्कूटर चालवीत आल्या आणि बाकीच्यांतल्या बऱ्याच जणी कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून आल्या. लहानपणी आम्ही जिला फटफटी म्हणत होतो ती वस्तू आता घरातल्या पाट्यावरवंट्याइतकी आपली झाली आहे. तेव्हा विषय परका नाही.

आधी थोडे आकडे. सन २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली म्हणून ज्यांची नोंद झाली ती ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ मागे बसणारी होती. मागे बसणारी माणसे बहुतकरून कोण असतात, हे ह्या सभेत सांगावयास नको.

आता वसंत ऋतूविषयी. थंड देशांत हिवाळाभर मोटारसायकली कोठारात पडून असतात आणि वसंतात एकदम बाहेर निघतात. तोवर मोटारवाल्यांची त्यांच्याकडे पाहण्याची सवय मोडलेली असते. अमेरिकेत मे महिना मोटारसायकल-सुरक्षेचा म्हणून पाळतात तो ह्यासाठीच. आपल्याकडे गाडी बारा महिने रस्त्यावर, पण फाल्गुन-चैत्राची म्हणून काही खास संकटे आहेतच. साखर कारखान्यांचा हंगाम ह्या सुमारास संपत आलेला असतो आणि उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्री मागचा दिवा नसताना चालतात. अंधारात त्या दिसतात त्या अगदी हँडलाशी आल्यावर. उसाची कांडी रस्त्यावर पडलेली असतात, त्यांवरून पुढचे चाक फिरकी घेते. रब्बीची मळणी झाली की काही गावांत डांबरी रस्त्याचेच खळे होते. हरभऱ्याच्या दाण्यांवर ब्रेक दाबणे म्हणजे गोट्यांवर पाय देणे होय. झाडांची पाने गळून वळणावर साचतात. धुळवडीला रंगाच्या पाण्याने रस्ता निसरडा असतो आणि फुग्यांचा मारा वेगळाच. त्या दिवशी दुपारपर्यंत गाडी घरीच बरी. आणि अवकाळी पावसाची सर! चार महिन्यांची धूळ आणि सांडलेले तेल पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत रस्त्यावर शेवाळासारखे पसरते. तेवढा वेळ एखाद्या दुकानाच्या पागोळीखाली थांबावे. साडी भिजेल म्हणून वेग वाढविणारी बाई मी पुष्कळ वेळा पाहिली आहे.

पाडव्याचे तर विचारूच नका. गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, फेटा बांधून आपल्या मुली बुलेटवर बसतात, तेव्हा ऊर भरून येतो. १९९९ साली डोंबिवलीत ही प्रथा सुरू झाली, ती आता गावोगाव गेली. पण फेटा म्हणजे हेल्मेट नव्हे. कायद्याने सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. यात्रा पायी चालण्याच्या वेगाने जाते तेथवर चालेल. यात्रा संपल्यावर त्याच फेट्याने घरी भरधाव जाणे मला पसंत नाही. फेटा पिशवीत ठेवता येतो.

दुचाकीवाल्यांच्या हक्काची चळवळ ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने केंद्राने राज्यांना तंबी दिली की, हेल्मेटची सक्ती करा, नाहीतर रस्त्यांसाठीचा पैसा अडेल. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी सक्ती केली. मोटारसायकलवाल्यांनी संघटना बांधून ओरड केली आणि १९७६ मध्ये तेथील संसदेने ती तंबी मागे घेतली. आजही तेथील बहुतेक राज्यांत सगळ्याच प्रौढांना सक्ती नाही. आपल्या पुण्याने जानेवारी २०१९ मध्ये सक्तीविरुद्ध केलेला कल्लोळ तुम्हांला आठवत असेल. शहरातल्या वेगाला हेल्मेट कशाला, मान दुखते, आधी खड्डे बुजवा, असा एकंदर सूर होता. खड्ड्यांची तक्रार खरी आहे. पण खड्डे आहेत म्हणून डोके उघडे ठेवावयाचे, हे तर्कशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही. निरनिराळ्या अभ्यासांची २००८ साली एकत्र छाननी झाली, तीत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या इजेचा शेकडा ६९ ने कमी होतो असे दिसले. त्याच्या आतला पांढरा थर स्वतः चुरडून आघात सोसतो. म्हणून एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट टाकून द्यावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून उडून जाते, आणि कायद्याच्या दृष्टीनेही ते घातलेले धरत नाहीत. चार वर्षांवरील मुलालाही ते लागते. त्याहून लहान मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून पट्ट्याचा आणि ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेग नको असा नियम आहे.

मला वाटते, हक्क मागावयाचेच तर हे मागावे. रस्ता ठरल्या मानकाने न बांधल्यामुळे वा न राखल्यामुळे माणूस गेला किंवा अपंग झाला, तर संबंधित अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड, असे कलम १९८-अ २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. वळणावरचा खड्डा दिसला की फोटो, तारीख आणि जागा लिहून नगरपालिकेकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच हवीच, कारण पुढे प्रश्न आला तर तीच बोलते.

दुसरा हक्क पदराचा. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे आडोसे, धरावयास पकड आणि पाय ठेवण्याची सोय ह्या तिन्ही गोष्टी मागच्या आसनाच्या दुचाकीवर असल्याच पाहिजेत, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ सांगतो. आपण त्याला साडी-गार्ड म्हणतो. घरातले तरुण चिरंजीव ‘गाडीची शोभा जाते’ म्हणून ते काढून टाकतात. शोभा त्यांची आणि गळा आपला! ओढणी किंवा पदर चाकात गेला की तो गळ्यापर्यंत ओढला जातो, ब्रेक लावेपर्यंत वेळ मिळत नाही. पदर कमरेला खोचावा, ओढणी मागे गाठ मारून आत घ्यावी. दोन्ही बाजूंस पाय टाकून बसणे अधिक तोलाचे आहे. आपल्या सासूबाईंना ते आवडत नसेल तर त्यांनाही एकदा तसे बसवून पाहावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम उभी राहिले ती सांगते. विम्याची पॉलिसी कोणी वाचत नाही. सर्वांत स्वस्त जी ‘थर्ड पार्टी’ म्हणून मिळते ती समोरच्याच्या नुकसानीसाठी असते. दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीची जोखीम अशा पॉलिसीत येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. म्हणजे नवऱ्याची गाडी घसरली, मागे बसलेल्या बायकोचा पाय मोडला, तर त्या कागदाच्या भरवशावर राहता येत नाही. थोडे अधिक पैसे भरून पूर्ण पॉलिसी घ्यावी लागते.

आणि याहूनही सूक्ष्म मुद्दा असा. सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाख रुपयांचा असतो, पण तो ‘मालक-चालका’चा. गाडी ज्याच्या नावावर, परवाना ज्याचा, आणि अपघाताच्या वेळी गाडी चालवीत होता तोच, अशी तिन्ही माणसे एकच असावी लागतात. आपल्याकडे स्कूटर बाई चालविते, शाळा, बाजार, बँक, दवाखाना सगळे तिच्यावर होते, आणि नोंदणी मात्र यजमानांच्या नावावर असते. ती गेली तर तो विमा तिच्या मुलांना मिळत नाही. गाडी तिच्या नावावर करून घ्यावी. ती तजवीज होईपर्यंत तिच्या नावाने वेगळा अपघात विमा काढता येतो. त्याला गाडी कोणाची हे विचारीत नाहीत. यजमानांना हे सांगताना भांडणाचा सूर लावू नये, नोंदणीपुस्तक आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून दाखवावी.

पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत आपापली पॉलिसी, नोंदणीपुस्तक आणि परवाना घेऊन या. चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक असते. आपण एकेक कागद मोठ्याने वाचू.