अडकणारं बोट



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत, विषय आरोग्य. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाली आहे. पण काल रात्रीच्या गप्पांत आपल्यातल्या तिघींनी सांगितलं, सकाळी बोट वाकलेलंच राहतं आणि मग कट्कन सुटतं. तिघीही तेल चोळतायत. म्हणून त्या 'ट्रिगर फिंगर'बद्दलच बोलते.

बोट वाकवणारी कंडरा एका नळीतून सरकते, सायकलच्या ब्रेकची वायर सरकते तशी. बोटाच्या मुळाशी, तळहातात, त्या नळीला एक पट्टा असतो. तो जाड झाला, कंडरेवर गाठ आली, की ती तिथे अडकते. दुखतं मात्र बरेचदा बोटाच्या मधल्या सांध्यात, त्यामुळे चोळणं भलत्याच जागी होतं! माझ्या बाबतीत सगळ्यांनी कीबोर्डला दोष दिला. पण नोत्ता नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे १८५० मध्येच लिहून ठेवलंय. माझ्या डॉक्टरांनी आधी साखर विचारली, कारण मधुमेह्यांत हे जास्त दिसतं.

सुरुवात पट्टी आणि विश्रांतीनं, मग स्टिरॉइडचं इंजेक्शन. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. मधुमेह असेल तर गुण कमी येतो आणि काही दिवस साखर वाढते, हे आधी विचारून घ्या. माझी अनामिका आठ महिन्यांनी पुन्हा अडकायला लागली. तेव्हा सुईनं पट्टा मोकळा केला. त्वचेखालून पट्टा कापण्याची कल्पना नवी नाही, १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली होती. जागा बधिर करतात, आपण जागेच असतो. सुईच्या टोकानं पट्टा कापताना बारीक करकर जाणवते. मग डॉक्टर म्हणतात, वाकवा बोट. ते न अडकता वाकलं की काम झालं. टाका नाही.

तरी सुईचाच हट्ट धरू नका. अंगठ्याची नस पट्ट्याच्या अगदी जवळून जाते, म्हणून तिथे बरेच सर्जन छोटा छेद देऊन, डोळ्यांनी बघून कापणं पसंत करतात. काही जण सोनोग्राफी लावून सुई वापरतात. सुईनं पट्टा थोडा राहून गेला, तर नंतर छेद घ्यावा लागू शकतो. छेदही सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचाच, तोही जागा बधिर करूनच. कुठली पद्धत, हे हाताच्या सर्जनला ठरवू द्या. वर्ष-दोन वर्षं अंगावर काढलं, तर मधला सांधा आखडतो आणि मग पट्टा कापूनही बोट सरळ व्हायला वेळ लागतो.

जेवणानंतर मी इथेच आहे. कुणाला सुईची खूण बघायची असेल तर या, मलाही ती शोधावी लागते.