आवक-जावक वही आता संगणकावर

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या कागदाला क्रमांक पडला की त्याचा माग लागतो. परंतु आज पालकांचे प्रश्न ई-मेलने आणि मोबाइलवरही येतात आणि त्यांना क्रमांक पडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयीचा एखादा प्रश्न कोणाच्या तरी फोनमध्ये अडकून पडला, तर मुदत टळते आणि एखाद्या मुलीचे वर्षाचे साहाय्य जाते. यात कोणाची नियत वाईट नसते; नोंद नसते, एवढेच.

यावर उपाय आहे तिकीट-प्रणालीचा. येथे तिकीट म्हणजे प्रत्येक प्रश्नाला मिळणारा आवक क्रमांक. प्रश्न कोणाकडे सोपवला, उत्तर कधी दिले, काय राहिले, हे त्याखाली दिसते. 'ओएसटिकेट' ही अशीच एक मोफत व मुक्त प्रणाली आहे.

लहान संस्थेकडे स्वतःचा सर्व्हर नसतो. स्वस्तातले शेअर्ड होस्टिंग असते. ती चाळीतली खोली समजा. खोलीची किल्ली आपल्याकडे, जिन्याखालच्या मीटरपेटीची मालकाकडे. 'शेल', म्हणजे आज्ञा टाइप करून यंत्राला थेट काम सांगण्याची सोय, तेथे पुष्कळदा मिळत नाही. म्हणून नाउमेद होण्याचे कारण नाही. ओएसटिकेट पीएचपी भाषेत लिहिलेले आहे. पीएचपीची फाइल योग्य जागी ठेवली की ब्राउझरने पान मागताच सर्व्हर ती चालवतो. त्यामुळे सारी मांडणी सीपॅनेलसारख्या नियंत्रण-पानावरून करता येते.

प्रथम, आपण घेणार त्या आवृत्तीला लागणारी पीएचपी होस्टिंगवर आहे का आणि 'मायएसक्यूएलआय' हा विस्तार चालू आहे का, ते पाहावे. दुसरे, डेटाबेस व त्याचा वापरकर्ता तयार करून त्याला त्या डेटाबेसचे सर्व अधिकार द्यावेत. सीपॅनेल या दोन्ही नावांच्या आधी सहसा खात्याचे नाव जोडते. पुढे ते पूर्ण नावच लिहावे लागते. तिसरे, झिप फाइल फाइल-मॅनेजरमधून चढवून तेथेच उलगडावी आणि तिच्यातील 'अपलोड' फोल्डरमधल्या फाइली ठरल्या जागी हलवाव्यात. 'इन्क्लूड' फोल्डरातील 'ऑस्ट-सॅम्पलकॉन्फिग' या फाइलचे नाव 'ऑस्ट-कॉन्फिग' करून ती तात्पुरती लिहिण्यास खुली करावी. मग ब्राउझरमध्ये 'सेटअप'चा पत्ता उघडावा. समोर येणारा अर्ज भरला की डेटाबेसमधील तक्ते आपोआप तयार होतात.

घर बांधून झाले, पण कुलूप लावायचे राहिले. 'सेटअप' फोल्डर पुसून टाकावा. कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो. तिची परवानगी ०६४४ करून लिहिण्याची वाट बंद करावी. येणारे ई-मेल आपोआप तिकिटात उतरावेत म्हणून 'क्रॉन जॉब्ज'मध्ये दर ५ मिनिटांची नोंद करावी. ती सोय नसेल, तर प्रणालीतील ऑटो-क्रॉन वापरता येते. मात्र ते कर्मचारी प्रणालीत काम करीत असतानाच चालते. सुट्टीत टपाल तसेच पडून राहील, हे ध्यानात ठेवावे.

शेवटची गोष्ट नकलेची. पीएचपीमायअॅडमिनमधून डेटाबेसची नक्कल दर आठवड्यास उतरवून घ्यावी. जोडलेले दाखले मूळ मांडणीत डेटाबेसमध्येच साठतात, त्यामुळे तो झपाट्याने फुगतो. कॉन्फिग फाइलचीही नक्कल ठेवावी; तिच्यातील गुप्त किल्लीवाचून साठवलेले ई-मेलचे पासवर्ड उलगडत नाहीत.

मित्रहो, पालक आपल्याला उत्पन्नाचा दाखला, पत्ता, घरची अडचण विश्वासाने सांगतात. ही अमानत आहे. म्हणून प्रत्येक शाळेने दोन जबाबदार माणसे नेमावीत. एकाने रोज सकाळी उघडी तिकिटे पाहावीत आणि दुसऱ्याने नक्कल व नव्या आवृत्त्या सांभाळाव्यात. अशी दोन माणसे मिळत नसतील, तर तूर्त कागदी वहीच ठेवावी. परंतु फोनवर आलेला प्रश्नही तिच्यात क्रमांकाने उतरलाच पाहिजे.