खांबामागची पाण्याची वेणी
(मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पदार्थविज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि आयुष्य फायलींत गेलेले. परंतु पुलावर उभे राहून खांबामागचे पाणी पाहण्यास पदवी लागत नाही. पुढच्या बाजूस पाणी शांतपणे दुभंगते. मागे मात्र एक भोवरा डावीकडून सुटतो, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून. जणू कोणी पाण्याची वेणीच घालीत आहे.

एक सेंटिमीटर जाडीची गोल कांडी पाण्यात उभी धरली आणि पाणी सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरहून मंद वाहत असले, तर ते वळसा घालून मागे निमूट एक होते. वेग थोडा वाढला की कांडीमागे दोन जुळे भोवरे जागच्या जागी फिरत राहतात. सेकंदाला सुमारे अर्ध्या सेंटिमीटरपाशी ही शिस्त मोडते. कांडीशी घासून मंदावलेला पाण्याचा थर दोन्ही कडांवरून सुटतो व आत वळतो. एका बाजूचा भोवरा बळावला की तो पलीकडचा थर स्वतःकडे ओढून घेतो. हा थर उलट फिरणारा असल्याने भोवऱ्याची रसदच तुटते आणि तो वाहून जातो. मग पलीकडच्याची पाळी. मधासारख्या दाट द्रवात हेच घडण्यास वेग पुष्कळ अधिक लागतो.

१९११ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळेत हीमेन्झ नावाचा विद्यार्थी दंडगोलाभोवतीचा दाब मोजीत होता. प्रवाह काही स्थिर राहीना. दंडगोल पुरेसा गोल नसेल, म्हणून तो अधिक काटेकोर घडविला. पाण्याचा पाट सारखा नसेल, म्हणून तोही सुधारला. तेथील तरुण साहाय्यक थिओडोर फॉन कार्मान रोज सकाळी चौकशी करी, आणि उत्तर तेच येई: अजून डोलतोच आहे. बिचाऱ्या हीमेन्झने आपल्या हातांनाच दोष दिला असेल! कार्मानने मात्र गणित मांडले. भोवऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर टिकत नाहीत. आडव्यातिडव्या असतील आणि रांगांतील अंतर लगतच्या दोन भोवऱ्यांमधील अंतराच्या सुमारे ०.२८ पट असेल, तरच टिकतात. चूक उपकरणात नव्हतीच. फ्रान्समध्ये बेनार यांनी हे भोवरे आधीच टिपले होते, हेही नमूद केले पाहिजे.

वाऱ्यात तार गुणगुणते तीही यामुळेच. १८७८ साली स्ट्रोहाल यांनी या नादाचा अभ्यास केला. वाऱ्याचा वेग तारेच्या जाडीने भागून त्याचा पाचवा हिस्सा घेतला की सेकंदाची कंपने मिळतात. चार मिलिमीटरची तार आणि सेकंदाला पाच मीटरचा वारा असला, तर २५०.

परंतु हा खेळ नेहमीच सुरेल नसतो. १ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील फेरीब्रिज वीजकेंद्राच्या, सुमारे ११४ मीटर उंचीच्या आठ शीतमनोऱ्यांपैकी तीन वादळात कोसळले. जे पडले ते वाऱ्यास सामोरे नव्हते, मागच्या रांगेतले होते. आराखड्यात झोतांचा जोर कमी धरला होता. शिवाय पुढच्या मनोऱ्यांमागे घुसळलेला वारा मागच्यांवर आदळत होता, त्याचा हिशेबच नव्हता. आडोशाचा भरवसा कागदावरच राहिला.

आता उंच पोलादी धुराड्यांच्या माथ्याकडे नागमोडी चढत गेलेल्या पट्ट्या दिसतात. आम्ही पूर्वी त्यांना शोभा समजत असू. उंचीभर भोवरे एकाच ठेक्यात सुटू नयेत, म्हणून त्या बसवितात.