रिकाम्या गोळ्याची साक्ष



खोल समुद्रात उतरायला धाडस लागते, हे सांगण्यास व्याख्यात्याची गरज नाही. पण धाडस कोठे संपते आणि अविचार कोठे सुरू होतो, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पाण्यात दर 10 मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. टायटॅनिक जहाज जेथे बुडून पडले आहे, तेथे खोली सुमारे 3,800 मीटर. तेथे नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर जवळजवळ 390 किलोंचा भार पडतो.

विल्यम बीब आणि ओटिस बार्टन हे दोघे अमेरिकन बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून, दोरावर लोंबकळत, समुद्रात उतरत असत. 1932 साली त्या गोळ्याला नवी खिडकी बसविली. उतरण्याची उत्सुकता काय थोडी असेल? तरी त्यांनी गोळा आधी रिकामाच खाली सोडला. वर आला तो पाण्याने भरून! दाराचा बोल्ट सैल करताच आत कोंडलेल्या दाबाने तो हातातून सुटून डेकवर दूर फेकला गेला. आत माणसे असती तर काय झाले असते, ते सांगायला नको. खिडकी बदलली, पण बेत सोडला नाही. 1934 साली हेच दोघे 923 मीटर खाली जाऊन सुखरूप परतले.

आता ‘टायटन’ पाहा. तिचे मधले नळकांडे कार्बन फायबरचे, म्हणजे कर्बाचे तंतू राळेत घट्ट बसवून केलेले होते. नवे साहित्य वापरणे हा गुन्हा नव्हे. परंतु अशा थरांत आतल्या आत इजा होते, ती साठत जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मागच्या फेऱ्या सुखरूप झाल्या, हा पुढच्या फेरीचा पुरावा होत नाही. कंपनीने त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र घेतले नाही. 2018 साली जाणकारांनी लेखी इशारा दिला, तो मानला नाही. पुढे 2022 च्या जुलैत, एका फेरीच्या अखेरीस, कवचातून मोठा आवाज आला आणि ताण मोजणाऱ्या उपकरणांच्या नोंदी बदलल्या. यंत्र स्वतःच साक्ष देत होते! 18 जून 2023 रोजी ते कवच चिरडले आणि पाच माणसे गेली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2025 च्या अहवालात हा अपघात टाळता येण्याजोगा होता असे म्हटले.

कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश त्याच पाणबुडीत होते. त्यांना भित्रे कोण म्हणेल? पण स्वतःचा जीव पणाला लावल्याने चुकलेला हिशेब बरोबर ठरत नाही. आणि सोबतच्या चौघांचा जीव तर त्यांचा नव्हताच.

उद्या कोणी नवे यंत्र घेऊन आले, तर त्याला हसू नये, अडवूही नये. एवढेच विचारावे: याची परीक्षा झाली तेव्हा याने काय सांगितले, आणि ते कोणी ऐकून घेतले?